तापाच्या चौथ्या दिवशीचा 'निगेटिव्ह' : प्रतिपिंडांच्या तपासणीतून छातीचा संसर्ग लवकर कळतो का?

नाशिकमधील एका पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलीला चार दिवसांपासून ताप आणि कोरडा खोकला आहे. वर्गातील आणखी तीन-चार मुले खोकत आहेत. 'जंतुसंसर्ग असेल तर लवकर कळेल' असे कोणीतरी सुचवल्यामुळे त्यांनी चौथ्या दिवशी एका प्रयोगशाळेत श्वसनसंसर्गाच्या प्रतिपिंडांची, म्हणजे जंतूविरुद्ध शरीर बनवते त्या प्रथिनांची, एकत्रित तपासणी करून घेतली. अहवालात सर्व जंतूंचे आयजीएम (संसर्गात आधी येणारे प्रतिपिंड) निगेटिव्ह आले आहे, मायकोप्लाझ्मा या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूचे आयजीजी (मागून येऊन दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड) मात्र पॉझिटिव्ह आहे. तरीही बालरोगतज्ज्ञांनी प्रतिजैविक अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केले. मग ते औषध विनाकारण दिले आहे का, आयजीजी पॉझिटिव्ह असण्याची काळजी करावी का, आणि हीच तपासणी आणखी लवकर, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी केली असती तर अधिक उपयोग झाला असता का?

मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे आणि गेली बावीस वर्षे नाशिकमध्ये प्रयोगशाळा चालवतो. असे अहवाल मी स्वतःच सही करून देत असल्यामुळे त्यांच्या मर्यादा सांगण्याची जबाबदारीही माझीच आहे असे मी मानतो. आधी सरळ उत्तर देतो. चौथ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आले म्हणजे जंतुसंसर्ग नाही, असा अर्थ होत नाही, आणि केवळ या अहवालाच्या आधारे औषध बंद करू नये. आयजीजी पॉझिटिव्ह असण्याची काळजी करण्याचे कारण नाही. तपासणी आणखी लवकर केली असती, तर तिचा उपयोग वाढला नसता, उलट कमीच झाला असता.

शेवटचे विधान अनेकांना विचित्र वाटते, कारण 'तपासणी जितकी लवकर तितकी चांगली' हे आपल्या मनात पक्के बसलेले आहे. प्रतिपिंडांच्या बाबतीत मात्र आपण जंतू मोजत नसतो, जंतूला शरीराने दिलेले उत्तर मोजत असतो, आणि ते उत्तर तयार व्हायला वेळ लागतो. एखादा जंतू शरीरात प्रथमच शिरला, तर तो ओळखणाऱ्या मोजक्या बी-पेशी आधी शोधल्या जातात, मग त्यांची संख्या वाढते, आणि त्यानंतर त्या प्रतिपिंडे रक्तात सोडू लागतात. मायकोप्लाझ्माच्या बाबतीत आयजीएम साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यानंतर सात ते दहा दिवसांनी मोजता येण्याइतके होते, तीन ते सहा आठवड्यांत शिखरावर पोहोचते, आणि आयजीजी त्याच्याही मागून येते. पावसाळ्यानंतर नाशिककरांना डेंग्यूच्या तपासण्यांचा चांगलाच परिचय झालेला आहे, म्हणून तोच दाखला देतो. पहिल्या चार-पाच दिवसांत डॉक्टर एनएस-वन सांगतात आणि त्यानंतर आयजीएम, कारण एनएस-वन हे विषाणूचेच प्रथिन आहे आणि आयजीएम हा शरीराचा प्रतिसाद. डेंग्यूत पहिल्या दिवसांसाठी एनएस-वनची सोय आहे, पण छातीच्या बहुतेक जंतुसंसर्गांत रक्तातून करता येईल अशी तशी सोय नाही. तरीही ती आहे असे समजून आयजीएमचा संच विकला जातो. माझी खरी हरकत या ठिकाणी आहे.

आता प्रयोगशाळेत प्रत्यक्षात काय होते ते पाहू. मुलीचे रक्त गोठल्यानंतर वर जो फिकट पिवळा द्रव राहतो, तो सीरम पातळ करून ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या पट्टीत घातला जातो. खळग्यांच्या तळाशी जंतूचे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्याला पकडतात तो जंतूचा अंश, आधीच चिकटवलेले असते. त्याला जुळणारी प्रतिपिंडे असली तर ती तिथे अडकून राहतात, बाकी सारे धुऊन जाते. मग विकराचे (एन्झाइमचे) शेपूट लावलेले दुसरे प्रतिपिंड आणि त्यानंतर रंगद्रव्य घातले जाते. खळगे निळे होतात, आम्लाचा थेंब पडताच पिवळे होतात, आणि हा पिवळेपणा किती गडद आहे ते यंत्र ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजते. यंत्राला पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असे काही ठाऊक नसते. ते एक आकडा देते, आणि किट बनवणाऱ्याने आखून दिलेल्या रेषेच्या तो वर आहे की खाली, यावरून आम्ही शब्द छापतो. रेषेच्या आसपासचा एक पट्टा 'संदिग्ध' म्हणून सोडलेला असतो. त्या पट्ट्याच्या जरा खाली आलेली मुलगी आणि अजिबात पिवळेपणा नसलेला मुलगा या दोघांच्याही कागदावर एकच शब्द छापला जातो : निगेटिव्ह. या सगळ्यात ताप कोणत्या दिवशी आला, हे यंत्राला माहीत नसते. ते माहीत असायला हवे ते मला, आणि नमुन्याबरोबर येणाऱ्या फॉर्मवर तो रकाना दहापैकी नऊ वेळा कोरा असतो.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार आपल्या मुलाचा असाच अहवाल घेऊन आले होते. मी त्यांना विचारले की, तुम्ही पानदेठ परीक्षण (वेलीला किती खत मिळाले ते पाहण्यासाठी पानाच्या देठाची तपासणी) छाटणीनंतर चौथ्या दिवशी करता का? ते हसले. खरड छाटणीनंतर सुमारे पंचेचाळीस दिवसांनी आणि गोडी बहार छाटणीनंतर फुलोऱ्यात देठ काढायचे, हे त्यांना तोंडपाठ होते. चुकीच्या अवस्थेतील देठ प्रयोगशाळेत दिला तरी नत्र-पालाशचे आकडे येतातच, पण ते ज्या कोष्टकाशी ताडून पाहायचे ते कोष्टकच लागू पडत नाही. प्रतिपिंडांचा आकडाही तसाच असतो, दिवस ठाऊक असल्याशिवाय तो वाचता येत नाही. त्यांना पुढे काही समजावून सांगावे लागले नाही.

निगेटिव्ह अहवाल निरुपयोगी असला तरी पॉझिटिव्ह आला तर निदान पक्के, असे म्हणता येत नाही, आणि हा भाग मला अधिक त्रासदायक वाटतो. शाळकरी वयापर्यंत अनेक मुलांना मायकोप्लाझ्माचा संसर्ग एकदा तरी होऊन गेलेला असतो, बहुतेक वेळा साध्या खोकल्याच्या रूपात. त्याची आयजीजी वर्षानुवर्षे रक्तात राहते. आपल्या मुलीच्या अहवालातील आयजीजी हा त्या जुन्या भेटीचा शिक्का आहे, आजच्या तापाशी त्याचा संबंध असेलच असे नाही. आयजीएम लवकर येते आणि लवकर जाते, असे पाठ्यपुस्तकात वाचलेले असते, पण प्रत्यक्षात मायकोप्लाझ्माचे आयजीएम कित्येक महिने टिकू शकते. उलट, ज्यांना हा संसर्ग पूर्वी झालेला आहे, विशेषतः प्रौढांना, त्यांच्यात दुसऱ्या वेळी आयजीएम तयार होतच नाही असेही घडते. त्यामुळे चाळिशीतील माणसाचे आयजीएम निगेटिव्ह असणे हे नवव्या वर्षी निगेटिव्ह असण्यापेक्षाही कमी बोलके असते.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. प्रयोगशाळा सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत चार वर्षांच्या एका मुलाचा मायकोप्लाझ्मा आयजीएम पॉझिटिव्ह असा अहवाल मी दिला. फॉर्मवर ना आजाराची तारीख होती ना लक्षणे, आणि मीही विचारले नाही. त्या अहवालाच्या बळावर मुलाला प्रतिजैविकांचे तीन कोर्स झाले, खोकला मात्र हटेना. शेवटी एका ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांनी एक्स-रे नीट पाहिला, दर वेळी उजव्याच बाजूला खाली डाग का येतो असे विचारले, आणि दुर्बिणीतून उजव्या श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा काढला. आयजीएम खोटे नव्हते. दोन-तीन महिन्यांपूर्वी घरात सर्वांना खोकला येऊन गेला होता, त्याचे ते होते. अहवालातला शब्द खरा होता, पण डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. तेव्हापासून तारीख नसलेला नमुना आला तर आमच्याकडून फोन जातो. लोक कधी वैतागतात, ते मी मनावर घेत नाही.

हिशेब करून पाहिल्यास गोष्ट अधिक स्पष्ट होते. पुढील आकडे केवळ गणितासाठी धरलेले आहेत. समजा खोकणाऱ्या शंभर मुलांपैकी दहांना मायकोप्लाझ्मा आहे, आणि चौथ्या दिवशी आयजीएम त्या दहांपैकी तिघांतच दिसते. उरलेल्या नव्वद मुलांपैकी नऊ जणांत जुन्या संसर्गामुळे किंवा किटच्या दोषामुळे ते पॉझिटिव्ह येते. म्हणजे एकूण बारा मुले पॉझिटिव्ह आली, आणि त्यांपैकी खरी आजारी तीनच. निगेटिव्ह आलेल्या अठ्ठ्याऐंशी मुलांमध्ये सात आजारी आहेत. तपासणीपूर्वी शक्यता शंभरात दहा होती, निगेटिव्ह अहवालानंतर ती सुमारे आठ झाली. दहावरून आठवर येण्यासाठी मुलीच्या दंडाला सुई टोचली आणि पालकांचे पैसे गेले. आपल्या बालरोगतज्ज्ञांनी अहवाल बाजूला ठेवून औषध दिले, यामागचा विचार बहुधा असाच असावा : शाळकरी वय, हळूहळू वाढलेला कोरडा खोकला, वर्गात इतर मुलांनाही तेच, आणि मूल घरात वावरत असूनही छातीत आवाज. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे भित्तिकेवर काम करणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधे त्याच्यावर चालत नाहीत आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गटाकडे वळावे लागते. मुलीला तपासल्याशिवाय हा निर्णय बरोबर होता असे मी म्हणणार नाही, कारण यातील बरीचशी दुखणी औषधाविनाही बरी होतात आणि विषाणूंमुळेही असाच खोकला येतो. पण तो निर्णय अहवालाने चुकीचा ठरवला, असे मात्र मुळीच नाही.

बाकीच्या जंतूंविषयी थोडक्यात सांगतो. न्यूमोनियाचा सर्वांत महत्त्वाचा जंतू न्यूमोकोकस हा निरोगी मुलांच्या नाकघशातही राहतो, आणि त्याच्याविरुद्धची लस २०१७ पासून आपल्या सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आलेली आहे. त्यामुळे त्याची प्रतिपिंडे मुलांच्या रक्तात असणारच. त्यांचा उपयोग लसीचा प्रतिसाद पाहण्यासाठी होतो, निदानासाठी नाही. घसा दुखतो म्हणून पहिल्या आठवड्यात एएसओ (घशाच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूविरुद्धचे प्रतिपिंड) मागवणे हा तर आपल्याकडचा जुना रिवाज आहे. ते प्रतिपिंड वाढायला एक ते तीन आठवडे लागतात, आणि त्याचे खरे काम संधिवाताचा ताप किंवा मूत्रपिंडाचा दाह यांसारख्या नंतरच्या दुखण्यात असते. क्षयाबाबत मात्र शंकेला जागाच ठेवलेली नाही. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षयाचे निदान करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले, आणि २०१२ मध्ये भारत सरकारने अशा किटवर बंदी घातली. तोवर आपल्या देशात ही तपासणी राजरोस चालत होती, तिच्यामुळे निरोगी माणसांना सहा-सहा महिन्यांची औषधे झाली आणि खऱ्या रुग्णांना 'काही नाही' म्हणून घरी पाठवले गेले. आज श्वसनसंसर्गाच्या संचाची जाहिरात वाचताना मला ते दिवस आठवतात.

मग पहिल्या चार-पाच दिवसांत करायचे काय? सर्वांत स्वस्त आणि अनेकदा सर्वांत उपयुक्त तपासणी म्हणजे मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा अधिक श्वास असतील, तर न्यूमोनियाचा विचार करावा लागतो. याहून मोठ्या मुलांत दर आणखी कमी असायला हवा. बरगड्यांखाली खड्डा पडणे, बोटावरच्या यंत्रात प्राणवायू ९२ टक्क्यांच्या खाली जाणे, पाणीही न पिणे, मूल मलूल पडणे, यांपैकी काही दिसले तर कोणत्याही अहवालाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. छातीचा एक्स-रे आणि रक्तातील पांढऱ्या पेशी यांचा उपयोग आहे. सीआरपी (दाह झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) तासांच्या हिशेबाने वाढते आणि दोनएक दिवसांत शिखरावर जाते, म्हणून ती प्रतिपिंडांपेक्षा लवकर बोलते. पण ती दाह आहे एवढेच सांगते, जंतूचे नाव सांगत नाही, आणि मायकोप्लाझ्मात ती माफकच वाढलेली असू शकते.

जंतूचे नाव लवकर हवेच असेल, तर घशाच्या स्वॅबवरील पीसीआर हा योग्य मार्ग, कारण त्यात जंतूचा जनुकीय अंशच सापडतो. मात्र तोही निर्दोष नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की, खोकला-सर्दीची कोणतीही लक्षणे नसलेल्या मुलांपैकी सुमारे २१ टक्के मुलांच्या नाकघशात मायकोप्लाझ्मा होता, आणि आजारी व निरोगी मुलांना वेगळे काढण्यात रक्तातील प्रतिपिंडेही अपुरी पडली. म्हणून पीसीआरही ज्याला त्याला करू नये. मूल रुग्णालयात दाखल आहे, अमॉक्सिसिलिनने तीन दिवसांत उतार नाही आणि उत्तरामुळे उपचार बदलणार आहे, अशा वेळीच तो करावा.

एक जुनी तपासणी मला अजून आवडते, आणि हिवाळ्यात ती न मागता हाती लागते. डिसेंबर-जानेवारीत निफाड-सिन्नर भागातून पहाटे काढलेले नमुने थंडीत प्रवास करून येतात. एखादा नमुना सीबीसीच्या यंत्रात गेला की लाल पेशींची संख्या भलतीच कमी, हिमोग्लोबिन मात्र ठीक, आणि एमसीएचसी (लाल पेशींतील हिमोग्लोबिनचे प्रमाण) अशक्य वाटावा इतका जास्त असे आकडे येतात. तंत्रज्ञ नळी तिरपी करून उजेडात धरतो. काचेवरून रक्त एकसारखे ओघळत नाही, बारीक रव्यासारखे कण चिकटलेले दिसतात. नळी मुठीत धरली किंवा ३७ अंशांवर ठेवली की काही मिनिटांत कण विरघळतात, बर्फाच्या पाण्यात बुडवली की पुन्हा दिसतात. थंडीत लाल पेशींना एकमेकींना चिकटवणाऱ्या या शीत-समूहक प्रतिपिंडांचा मायकोप्लाझ्मासारख्या न्यूमोनियाशी असलेला संबंध १९४३ पासून नोंदलेला आहे. मायकोप्लाझ्माच्या सुमारे निम्म्या रुग्णांतच ती दिसतात, इतर आजारांतही दिसतात, आणि तीही पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडेच येतात. निदान यावर करायचे नाही. पण असा नमुना आला की मी डॉक्टरांना फोन करून विचारतो, 'याला खोकला किती दिवसांपासून आहे?'

प्रतिपिंडांची तपासणी टाकाऊ आहे, असा समज यातून होऊ नये. तिची वेळ उशिराची आहे एवढेच. पहिला नमुना आजाराच्या आरंभी आणि दुसरा दोन-तीन आठवड्यांनी घेतला आणि पातळी चौपट वाढली, तर तो भक्कम पुरावा असतो. त्यासाठी पहिला सीरम गोठवून ठेवून दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच पट्टीत लावावे लागतात, नाहीतर चौपट वाढ खरी की किटच्या बॅचमधला फरक, ते कळत नाही. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर जो अनाकलनीय न्यूमोनिया पसरला, त्याचा जंतू काही महिन्यांनी वेगळा करता आला, आणि तोच दोषी आहे हे आजारातून उठलेल्या रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडांनी सिद्ध केले. तो लिजिओनेला. त्याची प्रतिपिंडे यायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून आज पलंगावरच्या रुग्णासाठी लघवीतील प्रतिजन किंवा पीसीआर पाहतात. डांग्या खोकल्यातही पहिले तीन-चार आठवडे स्वॅबचे आणि त्यानंतरचे दिवस प्रतिपिंडांचे, आणि तेव्हाही गेल्या वर्षभरात लस घेतलेली असेल तर अहवाल वाचता येत नाही. सुरगाणा-पेठकडच्या एखाद्या आश्रमशाळेत महिनाभर खोकल्याची साथ चालू असेल, किंवा न्यूमोनियानंतर दोन आठवड्यांनी मुलाच्या पायांतली ताकद जाऊ लागली असेल, तर मी स्वतः आयजीएम आणि आयजीजी सुचवीन.

शास्त्रज्ञ लवकर दिसणारे प्रतिपिंड शोधत नाहीत असेही नाही. झुरिकमधील बालरोगतज्ज्ञांच्या गटाने रक्तात तरंगणाऱ्या प्रतिपिंडांऐवजी ती बनवणाऱ्या पेशीच मोजून पाहिल्या. या पेशी लवकर येतात आणि थोड्याच आठवड्यांत नाहीशा होतात, त्यामुळे आजचा संसर्ग आणि केवळ घशात राहणारा जंतू यांत फरक करता येतो. त्यासाठी ताजे रक्त आणि काही तासांत जिवंत पेशींवर काम करणारी प्रयोगशाळा लागते, त्यामुळे गल्लीतल्या संकलन केंद्रात ती एवढ्यात येणार नाही.

आता पुन्हा आपल्या मुलीकडे येतो. औषध सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागला असेल, तर ठरलेले दिवस पूर्ण करावेत. कोरडा खोकला त्यानंतरही दोन-तीन आठवडे रेंगाळेल, तेवढ्यावरून औषध बदलायचा आग्रह धरू नये. ताप तीन दिवसांत हटला नाही किंवा वर सांगितलेली लक्षणे दिसली, तर त्याच डॉक्टरांना पुन्हा दाखवावे, तोंडाच्या आत फोड किंवा अंगावर चट्टे उठले तरीही दाखवावे, कारण मायकोप्लाझ्मात तसे होते. 'खात्रीसाठी' दुसरा नमुना द्यावा का, हे आपण विचारलेले नाही, पण प्रयोगशाळेतून तसा निरोप येऊ शकतो. मुलगी बरी होत असेल तर देऊ नये, उत्तर काहीही आले तरी उपचारात फरक पडणार नाही. खोकला दोन आठवड्यांपलीकडे ताप किंवा वजनातील घट यांसह चालू राहिला, तर क्षयासाठी थुंकीची किंवा मुलांत जठरातील द्रवाची जनुकीय तपासणी करावी लागते, ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. आणि खोकल्याची उबळ येऊन उलटी होत असेल, तर डांग्या खोकल्याचा स्वॅब द्यावा. तेव्हा फॉर्मवर ताप कोणत्या तारखेला आला, खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला आणि शेवटची लस केव्हा झाली, या तीन तारखा आपण स्वतःच लिहाव्यात, काउंटरवरचा मुलगा त्या विचारेलच असे नाही.